दावणीला बांधलेले शब्द

तीसेक वर्षं मी केज तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. गावाच्या लेखी इंग्रजीचा मास्तर म्हणजे छापील कागद वाचणारा माणूस. औषधाची बाटली, पाण्याच्या मोटारीबरोबर आलेलं पुस्तक, फवारणीचा डबा, पलटणीतल्या पोराची तार, सगळं माझ्या ओट्यावर यायचं. एकदा एक गृहस्थ बायकोच्या छातीचा एक्स-रे घेऊन आले. तो उन्हाकडं धरून म्हणाले, "सर, काय लिव्हलंय बगा जरा." मी म्हणालो, यात काही लिहिलेलं नसतं. सरांना एवढंही इंग्रजी येत नाही, हे त्या दिवशी गावभर झालं.

आणखी एक काम माझ्याकडं असायचं, ते म्हणजे भाषण. पंधरा ऑगस्ट, बदली झालेल्या तलाठ्याचा निरोप, दूध संस्थेची वार्षिक सभा, शोकसभा, सगळीकडं मी बोलायचो आणि लांब बोलायचो. एका शोकसभेत मी इतका रंगलो की मयताच्या भावानं मधेच उठून "सर, माती आवरायची हाय अजून" असं सुचवलं. माझा आवाज मोठा आहे आणि त्याचा मला अभिमान होता. होता असं मुद्दाम लिहितो. का ते पुढं कळेलच.

आता धंद्यातली एक अडचण सांगतो. 'टेबल' किंवा 'बकेट' शिकवायला मास्तर लागत नाही. वस्तू दाखवायची, शब्द सांगायचा, झालं. अवघड असतात ते डोळ्यांना न दिसणारे शब्द. तत्त्वज्ञानातले, धर्मातले, वक्तृत्वातले. स्टोइक, स्केप्टिक, डॉग्मा, पॅराडॉक्स. दाखवायला काही नाही. म्हणून मास्तर मराठी अर्थ सांगतो. स्टोइक म्हणजे सुखदुःखाविषयी समभाव राखणारा. पोरगं मान हलवतं, वहीत लिहून घेतं आणि मनात म्हणतं, हा समभाव कोण आणि याला आपण का राखायचं. एका परक्या शब्दाला दुसरा परका शब्द बांधून आपण शिकवलं असं समजायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी फसवणूक आहे. मीही ती इमानेइतबारे करत होतो. दुष्काळाच्या त्या वर्षी मात्र ती उघडी पडली.

त्या वर्षी चंद्रकला माझ्याकडं बँकेच्या परीक्षेचं इंग्रजी शिकत होती. ज्ञानबा मेंढपाळाची थोरली मुलगी. घरात पहिली बी.ए. झालेली. ज्ञानबाचा धाकटा भाऊ मेंढरं घेऊन वरच्या मुलखात गेला होता, आणि ज्ञानबा मागं बैलजोडी, एक म्हैस नि ही लेक सांभाळत राहिला होता. त्यानं मला स्वच्छ सांगितलं होतं, "सर, एक डाव बसू द्या तिला. न्हाई झालं तर मंग आमी हाओत आन आमची मेंढरं हाईत." परीक्षा औरंगाबादला होती, पावसाळ्याच्या तोंडावर. तिच्याबरोबर गावातले आणखी चारपाच जण शिकायला यायचे, पण जीव ओतून शिकणारी ती एकटीच.

आमचं पाठ्यपुस्तक म्हणजे केजच्या एसटी स्टँडजवळच्या रद्दीवाल्याकडं मिळालेलं शब्दांचं एक जाडजूड पुस्तक. त्याला पुढची पानं नव्हती आणि मागचीही नव्हती. त्यातलं 'तत्त्वज्ञान, धर्म आणि वक्तृत्व' हे प्रकरण तेवढं धड होतं, कारण ते आधीच्या मालकानं उघडलंच नसावं. परीक्षेत असले शब्द हमखास यायचे.

उन्हाळा लागला तसं गाव ओस पडलं. विहिरी आटल्या, कडबा संपला. आमच्या दूध संस्थेनं आपल्या मोकळ्या मैदानावर जनावरांची छावणी उघडली. ज्यांना छावणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोक आपापली जनावरं आणून दावणीला बांधतात, तिथंच पाल ठोकून राहतात, आणि संस्था सरकारच्या मंजुरीवर चारा आणि पाणी देते. उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, थोडी पेंड, टँकरचं पाणी. मंजुरी थोड्या थोड्या दिवसांची असते आणि तपासणी झाली की पुढची मिळते. कागदावर एक जरी खोटं जनावर सापडलं, तरी छावणी बंद.

माझे विद्यार्थी छावणीत, म्हणून मीही छावणीत. रोज सकाळी चारा वाटपाच्या वेळी मी जायचो, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढायचो आणि जोरात म्हणायचो, "गुड मॉर्निंग!" आठवड्याभरात जनावरांनी एवढं पक्कं धरलं, की हा आवाज आला म्हणजे वाढं येतं. मी गुड मॉर्निंग म्हटलं की आख्खी दावण उठून उभी राहायची. वर्गातली पोरं माझ्यासाठी इतक्या शिस्तीनं कधी उभी राहिली नव्हती.

एक दिवस मी 'स्टोइक' शिकवत होतो. तास संपत आला तरी तो कुणाच्या गळी उतरेना. मी घामाघूम होऊन ओरडत होतो, "दुःखानं जो हलत नाही! सुखानं जो फुगत नाही! ऊन असो, सावली असो, जो आपल्या जागी उभा!"

शेजारी वाढं तोडत बसलेला ज्ञानबा मान वर न करता म्हणाला, "एवडं कावून वरडायलाव सर? आमचा पवळ्या हाय की तसा."

पवळ्या त्याचा थोरला बैल. आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. पवळ्याच्या नाकावर माशी बसली होती, पाठीवर ऊन होतं, शेजारच्या गाईचं शेपूट त्याच्या डोळ्यावर आपटत होतं. पवळ्या उभा होता. चंद्रकलानं वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "सर, कळलं."

एवढ्या वर्षांत मला इतकं खरं 'कळलं' कुणी म्हटलं नव्हतं.

मग काय, आमची शाळा दावणीवरूनच सुरू झाली. वाढ्याची पेंढी टाकल्यावर आधी तीनदा हुंगून मग तोंड लावणारी गाय, ती स्केप्टिक. कोरड्या पडलेल्या हौदाकडं रोज ठरल्या वेळी दावं ताणणारी म्हातारी गाय, ती डॉग्मा. सगळी जनावरं पाण्याला डावीकडून जात असताना उजवीकडून मुसंडी मारणारा गोऱ्हा हेरेटिक. टँकरच्या गळत्या नळाखाली डोळे मिटून बसणारा रेडा हेडोनिस्ट. चारा घातला की लाथ मारणारी आणि रट्टा घातला की शांत होणारी गाय पॅराडॉक्स. टँकर येवो न येवो, व्हायचं ते होईल म्हणून आडवा पडून राहणारा पवळ्याचा जोडीदार फेटलिस्ट. आणि ज्ञानबाची म्हैस हिपोक्रिट. ती मालकाच्या देखत शेजारच्या चाऱ्याकडं डोळा वर करून बघायची नाही, आणि मालकाची पाठ फिरली रे फिरली की तोंड थेट तिकडं. एका हडकुळ्या गाईला मी मोठ्या भक्तिभावानं असेटिक म्हटलं, अन्न त्यागलेली तपस्विनी म्हणून. ज्ञानबानं तिचं तोंड उघडून बघितलं आणि म्हणाला, "तपस्वी कशाची, दात गेल्यात तिचे." ते नाव आम्ही परत घेतलं.

लोकही हिरिरीनं यात पडले. आपल्या जनावराला नाव नाही म्हणजे त्यांना चुकल्यासारखं व्हायला लागलं. मला बोलावून विचारायचे, "सर, आमच्या खिलाऱ्याला काई न्हाई का तुमच्या पुस्तकात?"

वक्तृत्वातले शब्द मात्र जड गेले. 'युफेमिझम' सांगत होतो. कटू गोष्ट मऊ शब्दांत गुंडाळून सांगणं. चंद्रकला वहीतून मान न काढता म्हणाली, "सर, छावणी बंद झाली तर आप्पा पवळ्याला बाजार दाखवणार हाईत. बाजार दाखवणं म्हणजे युफेमिझमच न्हाई का?"

मी हो म्हणालो. त्या दिवशी तास लवकर संपवला. बैल गेला की ज्ञानबा भावाकडं मेंढरांवर जाणार आणि लेकीला बरोबर नेणार, परीक्षा राहिली तिकडंच, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिनं ते रडून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या प्रकरणात शेवटी राहिला 'रेटरिक'. ऐकणाऱ्याला हलवून सोडणारी वाणी, अशी मी व्याख्या सांगितली. बराच शोध घेतला, पण याला जनावर सापडेना. एका डुरकणाऱ्या वळूचा विचार झाला, पण तो रातबेरात डुरकायचा, त्यात कला नव्हती. मी म्हणालो, "राहू दे, हा शब्द दावणीला बांधण्यासारखा नाही." चंद्रकला म्हणाली, "सापडंल सर." मागच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, वळूला हसल्या.

आणि मग दूध संस्थेचे सचिव नाना धावत आले. दुष्काळ बघायला दिल्लीहून साहेब येणार होते, दुसऱ्याच दिवशी. पुढची मंजुरी त्यांच्या शेऱ्यावर होती. नानांचा चेहरा उतरला होता. "सर, जनावराचं रजिस्टर सगळं विंग्रजीत पायजे. उद्या सकाळपत्तुर. आता तुमीच हाव."

मी म्हणालो, चिंता नको. त्यात 'जनावराचं वर्णन' असा एक रकाना होता. त्यात काय लिहावं? आमच्याकडच्या सगळ्या म्हशी काळ्या. दोनतीन पानं 'ब्लॅक, ब्लॅक, ब्लॅक' लिहिण्यात मला माझ्या विद्येचा अपमान वाटला. माझ्या डोक्यात वीज चमकली. चंद्रकलाचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि तिच्या कच्च्या वहीत मालकाचं नाव आणि पुढं जनावराचा शब्द अशी सगळी यादी होतीच. मी म्हणालो, "वहीतलं जसंच्या तसं उतरव. दिल्लीचे लोक बघतील, बीड जिल्ह्यात काय दर्जाचं इंग्रजी आहे ते."

ती जरा घुटमळली. "सर, जसंच्या तसं? सगळ्या ओळी?"

"सगळ्या."

"सर, शेवटच्या ओळीचं जरा..."

"शेवटची ओळसुद्धा! एक ओळ गाळायची नाही. शंका काढत बसू नकोस."

ती लिहायला लागली. मी एकदा वरची पानं चाळली, अक्षर बघून खूश झालो आणि झोपायला घरी गेलो. शेवटचं पान मी पाहिलं नाही.

साहेब आले. उंच, उन्हानं लालबुंद झालेले, मराठीचं एक अक्षर न येणारे. नानांनी हार घातला, पाणी दिलं आणि रजिस्टर पुढं केलं. साहेबांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग इंग्रजीत म्हणाले, "ज्ञानबा, एक स्टोइक, एक फेटलिस्ट, एक हिपोक्रिट. हे काय आहे?"

मी पुढं होऊन म्हणालो, "जनावरांची वर्णनं, सर."

साहेबांना वाटलं, एक तर आपली चेष्टा चाललीय, नाहीतर जनावरं नाहीतच आणि कुठल्या तरी पुस्तकातले शब्द उतरवून पानं भरलीत. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. नानांना इंग्रजी कळत नव्हतं पण आवाज कळत होता. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "काय झालं बे सर?" नानांनी मला आयुष्यात एकदाच 'बे' म्हटलं, ते तेव्हा.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चंद्रकला पुढं आली. तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण सरळ होतं. "सर, नाव मी लिहिलं. तुम्ही विचारा, मी दाखवते."

साहेबांनी बोट ठेवलं ते नेमकं हिपोक्रिटवर. चंद्रकलानं त्यांना म्हशीपुढं नेलं. म्हैस खाली मान घालून आपल्या पुढ्यातलं वाढं चघळत होती. चंद्रकला म्हणाली, "सर, आता सगळ्यांनी पाठ करायची."

दिल्लीचे साहेब, त्यांचे दोन मदतनीस, तालुक्याचे अधिकारी, नाना, हार घेऊन उभे असलेले संस्थेचे दोन संचालक, असे सगळे एका रांगेत म्हशीकडं पाठ करून उभे राहिले. चंद्रकलानं मनातल्या मनात पाच मोजले आणि म्हणाली, "आता बघा."

सगळे गर्रकन वळले. म्हशीच्या तोंडात शेजारच्या गाईची आख्खी पेंढी होती. आम्हाला बघून तिनं चघळणं थांबवलं आणि दुसरीकडं बघायला लागली.

साहेब इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी स्केप्टिक बघितली, डॉग्मा बघितली, हेडोनिस्टाला तर उठवूच दिलं नाही. पवळ्यापुढं ते बराच वेळ उभे राहिले. नानांच्या अंगात जीव आला. पण माणूस कामात पक्का होता. शेवटी त्यांनी मोजणी करायला लावली. मदतनिसांनी दावणीवरून दोनदा फिरून मोजलं. दोन्ही वेळा रजिस्टरात एक जनावर जास्त भरलं.

सगळं हसणं जागच्या जागी थांबलं. साहेबांनी शेवटचं पान उघडलं. "हे बघा. मालकाचा रकाना रिकामा. वर्णन, रेटरिक. हे जनावर कुठं आहे?"

ज्ञानबा पवळ्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. चंद्रकला पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. ही छावणी आता केवळ माझ्या वाणीनंच वाचेल, असं मला आतून वाटलं. मी टाकीच्या कट्ट्यावर चढलो आणि इंग्रजीत सुरू झालो. या संतांच्या भूमीबद्दल बोललो, मुक्या जिवांबद्दल बोललो, हात वर केला, आवाज कापरा केला, परत चढवला. साहेब आधी माझ्याकडं बघत होते, मग रजिस्टराकडं, मग चंद्रकलाकडं. मी 'ही बैलांची मूक आर्त हाक' इथपर्यंत आलो, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि हळूच तिला विचारलं, "हेच का ते?"

चंद्रकलानं मान खाली घालून हो म्हटलं.

"जरा समजावून सांग."

ती इंग्रजीत म्हणाली, "सर, हे दूध देत नाही. पण रोज सकाळी सगळ्या दावणीला उठवून उभं करतं."

साहेबांनी त्या ओळीपुढं लाल शाईनं बरोबरची खूण केली आणि मंजुरीचा शेरा लिहायला घेतला. मी अजून कट्ट्यावरच होतो. खालून ज्ञानबा विचारायला लागला, "सर, काय म्हनली वो पोर? सांगा की मराटीत." सगळी छावणी माझ्याकडं बघत होती. गावाच्या लेखी इंग्रजी कळणारा मीच. मग मला माझ्याच तोंडानं, माझ्याच मोठ्या आवाजात ते भाषांतर करून सांगावं लागलं. छावणी हसून लोळली.

छावणी वाचली. मी मात्र रुसलो. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आठवडाभर मी तिकडं फिरकलो नाही. मुलीची परीक्षा तोंडावर आलेली आणि मास्तर घरात भिंतीकडं तोंड करून बसलेला. शेवटी एका सकाळी ज्ञानबा दारात आला. पायरीवर बसला, पाणी प्याला.

"सर, कावून येईनात तुमी?"

मी म्हणालो, तब्येत बरी नाही.

"आसंल. पन जनावरं उठंनात बगा सकाळची. वाढं टाकलं तरी बसूनच खायलेत. आन पोरगी रोज त्या टाकीपशी वही घिऊन बसायलीय. म्या म्हनलं, सर लई रागवलेत, न्हाई येत. तर म्हनती, येतेत."

मी चप्पल घातली. चंद्रकलानं वही उघडली आणि मी शिकवायला लागलो. बाकीच्या प्रकरणांतले राहिलेले शब्द आम्ही तेरा दिवसांत संपवले.

ती पास झाली. दुसऱ्या यादीत नाव आलं. पेपरात स्टोइक होता. मला म्हणाली, "चार पर्याय होते सर, मी ते वाचलेच नाहीत. पवळ्या डोळ्यापुढं आला आन खूण केली." ज्ञानबा नारायणगडाला जाऊन आला आणि प्रसाद माझ्या हातावर ठेवून म्हणाला, बैल न्हाई विकला. पवळ्या पुढं म्हातारा होऊन ज्ञानबाच्या दारातच गेला.

त्यानंतर मी पुष्कळ शिकवलं, पण तसं परत जमलं नाही. चांगलं पाऊसपाणी झालं की पोरं पुन्हा बाकावर बसायची आणि मी पुन्हा एका परक्या शब्दाला दुसरा परका शब्द बांधायचो. याची खंत आहे. तेवढी एकच खंत आहे असं नाही, पण ती मोठी.

निवृत्तीच्या दिवशी शाळेनं मांडव घातला. जुने विद्यार्थी आले, छावणीतली माणसंही आली. उत्तरादाखल करायचं भाषण मी चार पानी लिहून खिशात ठेवलं होतं. त्याआधी चंद्रकला व्यासपीठावर आली. आता एका शाखेची मॅनेजर, चष्मा लागलेला. तिनं मला एक फ्रेम केलेला कागद दिला. नानांकडून मागून आणलेल्या त्या रजिस्टरच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स. रेटरिक, पुढं साहेबांची खूण. आणि मालकाचा जो रकाना इतकी वर्षं रिकामा होता, त्यात त्याच मोत्यासारख्या अक्षरात, सातबाऱ्यावर लिहितात तसं लिहिलं होतं: 'चंद्रकला ज्ञानबा व इतर.'

सूत्रसंचालकानं माझं नाव पुकारलं. मी माईकपुढं उभा राहिलो. खिशाकडं गेलेला हात तसाच मागं घेतला. शेवटी तोंडातून सवयीनं तेवढंच बाहेर पडलं. दुपारचे चार वाजले होते, तरी मी म्हणालो, "गुड मॉर्निंग."

आधी चंद्रकला उठली. मग तिच्या शेजारच्या, छावणीतल्या त्याच दोघी. आणि बघता बघता सगळा मांडव उठून उभा राहिला. सगळ्यात मागं ज्ञानबा काठीवर जोर देत उठत होता.